शाळा सुटल्यानंतरची शाळा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना या शाळेच्या तीन पिढ्या केवळ 'बाई' या एकाच शब्दाने ओळखत आल्या. त्यांच्या नावाने दिले जाणारे व्याख्यान आपल्या हातून व्हावे, हा मी माझ्या वार्धक्यातील मोठा मान समजतो. माझे आयुष्य भाषा आणि साहित्य शिकवण्यात गेले. त्यामुळे आज मी संतकाव्यावर किंवा सीमाभागातील मराठी गद्यावर बोलेन अशी संयोजकांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु बाईंची आठवण करायला बसलो, की मला कविता आठवत नाही. मला एक बंद झालेले दार आठवते. ते दार मी स्वतः बंद केले होते. त्या दाराविषयी, आणि ते उघडे ठेवण्यासाठी आपल्या समाजातील तरुणांनी वेळोवेळी काय केले, आज काय करत आहेत, याविषयी बोलण्याची परवानगी मी आपल्याकडे मागतो.

अडचणीतल्या विद्यार्थ्याला समाजाने हात देण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. माझे वडील खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून बेळगावात शिकायला आले आणि वार लावून जेवले. सोमवारचे घर, मंगळवारचे घर, असे करीत आठवडा भरायचा. त्यांचा आठवडा मात्र पुरता भरला नाही. गुरुवारचे घर काही केल्या मिळेना. म्हणून ते गुरुवारी दत्ताचा उपवास करीत. हा उपवास भक्तीचा नव्हता, हे त्यांनी आम्हाला सांगितले ते अगदी म्हातारपणी. ज्यांनी त्यांना जेवू घातले त्या घरांविषयी त्यांच्या मनात आमरण कृतज्ञता होती; पण जेवताना पानावरून नजर वर न उचलण्याची त्यांची सवयही आमरण गेली नाही. दान घेणाऱ्याच्या मनावर उमटणारा हा वळ दात्याला सहसा दिसत नाही. आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. वाराची ही सोय ज्या जातीत जन्मलेल्या मुलांना होती, त्यांनाच होती. बाकीच्या मुलांसाठी सातही दिवस गुरुवारच होते.

ही विषमता ज्यांनी ओळखली, त्यांत आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानचे राजर्षी शाहू महाराज अग्रणी होत. १९०१ साली त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले, आणि त्यानंतर कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली, आणि १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका छताखाली, एका पंगतीला आणली. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंना अंगावरचे दागिने विकावे लागले, ही कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. तथापि मला त्याहून महत्त्वाची वाटते ती 'कमवा व शिका' ही कल्पना. मुलगा स्वतःच्या श्रमाने शिकला की पानावरून नजर उचलण्याचे बळ त्याला आपोआप येते. माझ्या वडिलांना जे मिळाले नाही ते नेमके हेच. १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन झाली आणि खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलांना शहरात हक्काचे छप्पर मिळाले.

या साऱ्या प्रयत्नांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांच्यात एक समान सूत्र होते. शिक्षणासाठी मुलाला घरापासून दूर यावे लागे, म्हणून त्याला दुसरे घर द्यायचे, हे ते सूत्र. स्वातंत्र्यानंतर शाळा गल्लीपर्यंत आली आणि प्रश्नाचे रूप बदलले. आता मुलगा स्वतःच्याच घरी राहतो, स्वतःच्याच आईच्या हातचे जेवतो, आणि तरीही मागे पडतो. त्याला वसतिगृह नको आहे. त्याला हवा आहे एक कोपरा, एक दिवा, आणि आज शाळेत काय शिकवले हे विचारणारे कोणीतरी. हे काम वसतिगृहाच्या आवाक्यातले नाही आणि एकट्या शाळेच्याही नाही. ते गल्लीने, गल्लीतल्या तरुणांनीच करायचे काम आहे.

आता मी त्या दाराकडे येतो.

गोष्ट १९७८ सालची. मी नुकताच महाविद्यालयात अधिव्याख्याता म्हणून लागलो होतो. वडगाव-शहापूर भागातील एका तालमीच्या माडीवर आम्ही पाच-सहा तरुणांनी एस.एस.एल.सी.च्या मुलांसाठी रात्रीचा अभ्यासवर्ग सुरू केला. हा भाग विणकरांचा. दिवसभर मागांचा खडखडाट चालू असतो आणि घरात बोलायचे तर आवाज चढवून बोलावे लागते. अशा घरात वाचन कसे होणार? म्हणून हा वर्ग. आम्ही तरुण होतो, ध्येयवादी होतो, आणि खरे सांगायचे तर थोडे शिस्तीच्या प्रेमातही होतो. वर्ग सातला सुरू होई. सव्वासातला मी दार लावून घेत असे. उशिरा येणाऱ्याने परत जावे, असा माझा नियम होता.

एक मुलगा रोज उशिरा येई. तीन-चारदा त्याला परत पाठवले. पाचव्या दिवसापासून तो आलाच नाही. मी हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे रेघ ओढली आणि पुढे गेलो.

दोन महिन्यांनी बाई सहज वर्ग पाहायला आल्या. त्यांनी हजेरीपुस्तक उघडले, त्या रेघेवर बोट ठेवले आणि विचारले, "हा कुठं राहतो रे?" मला सांगता येईना. तो कोणाचा मुलगा, घर कोणत्या बोळात, घरात माणसे किती, यातले काहीच मला ठाऊक नव्हते. बाई एवढेच म्हणाल्या, "चल, जाऊन येऊ."

घर दोन खणांचे. एका खणात माग, दुसऱ्यात संसार. वडिलांना दम्याने बसवले होते. आई कांड्या भरत होती आणि मुलगा मागावर उभा होता. मालकाशी साडीमागे मजुरी ठरलेली. दिवसाचे ठरलेले काम पुरे करून, हातपाय धुऊन, गल्ली ओलांडून तो यायचा तेव्हा साडेसात वाजलेले असायचे. माझ्या नियमाला आणि त्याच्या मजुरीला पंधरा मिनिटांचे अंतर होते. त्या पंधरा मिनिटांत त्याचे शिक्षण संपले. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत उलटून गेली होती. बाई त्याच्या आईशेजारी जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या, शाळेविषयी नव्हे, तर नवऱ्याच्या औषधाविषयी, उधारीविषयी, धाकट्या मुलीविषयी. मी दारात उभा होतो. परत येताना बाईंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्गाचे दार उघडे राहू लागले. पण तो मुलगा परत आला नाही. त्याच्या धाकट्या बहिणीला मात्र बाईंनी शाळेत टिकवले.

मित्रहो, त्या संध्याकाळी मी जे शिकलो ते कोणत्याही पदवीने मला शिकवले नाही. मूल एकटे मागे पडत नसते. त्याचे घरच मागे पडत असते, आणि मूल त्या घराबरोबर ओढले जाते. म्हणून केवळ मुलाला शिकवणारा वर्ग अर्धाच वर्ग होय. उरलेला अर्धा वर्ग त्याच्या उंबऱ्याच्या आत भरतो.

आज आपल्या गल्ल्यांतून तरुण मंडळे, तालमी, वाचनालये आणि महिला मंडळे यांच्या आश्रयाने जे अभ्यासवर्ग चालतात, त्यांपैकी काही मी अलीकडच्या वर्षांत जवळून पाहिले. त्यांतले जे टिकले आणि ज्यांचा उपयोग झाला, त्यांच्यात मला काही गोष्टी समान आढळल्या.

पहिली गोष्ट, शिकवणारा मुलाच्याच गल्लीतला असतो. तो फार विद्वान असावा लागत नाही. महाविद्यालयात जाणारा एखादा दादा, डी.एड. करणारी एखादी ताई पुरते. या मुलांना ज्ञानापेक्षाही आधी पुरावा हवा असतो, की आपल्यासारख्या घरातला माणूस परीक्षा पास होऊ शकतो.

दुसरी गोष्ट, मुलांचे गट इयत्तेवरून पाडलेले नसतात, तर मुलाला काय येते त्यावरून पाडलेले असतात. सातवीतल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नसेल तर त्याच्यापुढे सातवीचे पुस्तक ठेवणे हा त्याचा उपमर्द आहे. हा प्रश्न थोड्याथोडक्या मुलांचा नाही. 'असर' या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ साली सुमारे निम्मी होती. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आले. जे वाचू शकत नाहीत ते पुढे इतिहास, विज्ञान, गणित, सर्वच विषयांत नापास होतात, आणि आपण त्यांना 'ढ' म्हणून मोकळे होतो.

तिसरी गोष्ट, आणि ही आपल्या सीमाभागात विशेष महत्त्वाची, कागदपत्रांची मदत. शिष्यवृत्ती असते, वसतिगृहात जागा असते, पाठ्यपुस्तकांची योजना असते. परंतु तिथपर्यंत जाणारी वाट उत्पन्नाच्या दाखल्यावरून, जातीच्या दाखल्यावरून आणि बँकेच्या पासबुकावरून जाते. अर्ज कन्नडमध्ये असतो, आणि मराठी शाळेत चौथी शिकलेल्या आईला तो वाचता येत नाही. एका दाखल्यासाठी दोन फेऱ्या म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. अशा वेळी गल्लीतला एखादा तरुण अर्ज भरून देतो, कचेरीत बरोबर जातो, तेव्हा तो त्या घराला भरलेल्या वर्गाइतकेच मोठे साहाय्य करीत असतो.

याच संदर्भात एक समाधानाची गोष्ट सांगतो. मी पाहिलेल्या एका वर्गात निम्मी मुले घरी कन्नड बोलणारी आहेत. शेजारच्या कन्नड शाळेतील एक मुलगी आपल्या मराठी मैत्रिणींना कन्नड व्याकरण समजावते, आणि त्या तिच्याबरोबर बीजगणित सोडवतात. आपल्या शहरात भाषेवरून पुष्कळ काही घडून गेले आहे. मराठीवर माझे प्रेम किती, हे आपण जाणता. परंतु मुलांच्या त्या सतरंजीवर मला जो शहाणपणा दिसला, तो आम्हा मोठ्यांच्या व्यासपीठावर क्वचितच दिसला.

चौथी गोष्ट, गैरहजेरीचा पाठपुरावा. चांगल्या वर्गात रेघ ओढली जात नाही. मूल दोन दिवस आले नाही की तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या घरी जाते, जाब विचारायला नव्हे, तर विचारपूस करायला. ऑगस्ट २०१९ च्या महापुराच्या वेळी बेळगाव जिल्ह्यात अनेक विणकरांच्या घरांत पाणी शिरले, माग भिजले. त्या वेळी वर्गातली कोणती मुले कोणाकडे हलवली आहेत, कोणाची पुस्तके वाहून गेली आहेत, हे ज्यांना आधीपासून घरे ठाऊक होती त्या तरुणांनाच नेमके सांगता आले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या ओळखीची खरी कसोटी लागली. माग थांबले, मजुरी थांबली. शिक्षण मोबाईलवर आले. आणि ज्या घरात एकच मोबाईल, तोही वडिलांच्या खिशात, त्या घरातले मूल शाळेच्या बाहेर गेले. एस.एस.एल.सी.ची लांबलेली परीक्षा २५ जूनला सुरू झाली. तोपर्यंत आमच्या भागातील तरुणांनी प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढून घरोघर दिल्या, सोप्यात चार-चार मुलांना अंतरावर बसवून उजळणी घेतली, आणि शिध्याच्या पिशवीबरोबर वहीही पोचवली. त्या दिवसांत एक गृहस्थ दोन जुने मोबाईल दुरुस्त करून घेऊन आले आणि नाव न सांगता ठेवून जाऊ लागले. मी त्यांना ओळखले. १९७८ सालचा तो मुलगा आता साठीला टेकलेला. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "सर, तुम्ही आमच्या घरी आला होता ते आई सारखी सांगायची." त्यांच्या मनात दार बंद झाल्याची नव्हे, तर बाई घरी आल्याची आठवण राहिली होती. हे त्यांचे मोठेपण. माझ्या चुकीचे ओझे त्यामुळे कमी झाले असे मात्र मी म्हणणार नाही.

अशा प्रयत्नांचा खरोखर किती उपयोग होतो, असा प्रश्न विचारवंत श्रोत्याला पडणे योग्यच आहे. त्याचे उत्तर देणारा एक गंभीर अभ्यास आपल्याच परिचयाच्या दोन शहरांत, मुंबई आणि वडोदरा येथे झाला. 'प्रथम' या संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमात वस्तीतल्याच तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून वाचन आणि अंकगणित शिकवीत. पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले, ते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी सहकाऱ्यांसह या उपक्रमाची पद्धतशीर परीक्षा केली. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत अधिक प्रगती सर्वांत मागे असलेल्या मुलांची झाली. परंतु त्याच अभ्यासात दुसरी एक नोंद आहे, ती आपण विसरू नये. उपक्रम थांबल्यानंतर वर्षभरात त्या लाभाचा बराचसा भाग ओसरला. म्हणजे हे काम एकदा करून सोडून देण्याचे नव्हे. विहिरीतला गाळ एकदा काढला म्हणून ती कायमची स्वच्छ राहत नाही.

येथेच आपल्या तरुण मंडळांच्या मर्यादांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. गणेशोत्सवाच्या आधी दोन महिने वर्ग ओस पडतो, कारण शिकवणारे दादा वर्गणीत गुंतलेले असतात. निवडणुकीच्या सुमारास एखादा पुढारी वह्या वाटायला येतो, छायाचित्रे निघतात, आणि वही घेणाऱ्या मुलाचा चेहरा गावभर जातो. माझ्या वडिलांनी पानावरून न उचललेली नजर मला त्या छायाचित्रांत दिसते. वर्ग रात्री भरतो, म्हणून आठवीनंतर मुली यायच्या थांबतात. एका ठिकाणी आयांनीच यावर तोड काढली. मुलींचा वर्ग रविवारी सकाळी एका घराच्या सोप्यात भरू लागला आणि एक आई पाळीपाळीने तेथे कांड्या भरत बसू लागली. मुलींची संख्या वाढली, हा एक लाभ. दुसरा असा, की शेजारी बसल्या बसल्या त्या आयांपैकी काही जणी अक्षरे गिरवू लागल्या.

आणखी एक सावधगिरीची सूचना. शाळेने आपले काम या वर्गांवर ढकलू नये. शाळेत जे शिकवायला हवे ते शाळेतच शिकवले गेले पाहिजे. अभ्यासवर्ग हा शाळेचा पर्याय नव्हे, शेजारी होय. चांगला शेजारी घर सांभाळायला मदत करतो. घरधनी मात्र घरधन्यानेच राहावे.

आता शेवटी, या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना मी काही मागणार आहे. आपण आपापल्या व्यवसायांत यशस्वी झाला आहात. आपण देणग्या देता, शाळेच्या इमारतीवर त्यांचे फलक लागतात. त्याचे मोल आहेच. परंतु बाईंच्या नावाने मी आज आपल्याकडे पैसे मागत नाही. मी आठवड्यातली एक संध्याकाळ मागतो, आणि ती सलग तीन वर्षे मागतो. आठवीत आलेले मूल एस.एस.एल.सी. पार करीपर्यंत तीच व्यक्ती त्याला दर आठवड्याला भेटावी, एवढी माझी अपेक्षा आहे. ज्या मुलाला आपण शिकवाल त्याचे घर पाहून या. त्याच्या आईचे नाव माहीत करून घ्या. मदत द्याल ती अशी द्या की ती घेताना कोणी पाहणार नाही. आणि नियम अवश्य करा. मात्र नियम मोडणाऱ्या मुलाला परत पाठवण्याआधी, तो कुठून येतो आणि किती वाजता सुटतो, एवढे विचारा.

बाई मोठ्या लेखिका नव्हत्या. त्यांच्या नावावर एकही पुस्तक नाही. त्यांनी माझ्यासारख्या वाचाळ माणसाला विचारलेला तीन शब्दांचा एक प्रश्न मात्र मी सत्तेचाळीस वर्षांहून अधिक काळ जवळ बाळगला आहे, आणि आज तो आपल्या हाती सोपवून माझे भाषण पुरे करतो. हजेरीपुस्तकात कोणाच्याही नावापुढे रेघ ओढण्याआधी आपण स्वतःला विचारावे: हा कुठं राहतो?